क्रेग वॉटकिन्स : निकालानंतरही सत्य शोधणारे सरकारी वकील

● जन्म : १९६७, डॅलस (टेक्सस, अमेरिका)

● पद : डॅलस काउंटीचे मुख्य सरकारी वकील. तिथे हे पद मतदानाने भरतात. २००२ मध्ये पराभव, २००६ मध्ये विजय. टेक्ससमध्ये या पदावर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय.

● मोठे काम : २००७ मध्ये जुन्या शिक्षांच्या फेरतपासणीसाठी स्वतंत्र विभाग. पुढे अमेरिकेतील अनेक काउंट्यांनी तो कित्ता गिरवला.

● आधार : प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे जपून ठेवलेले जैविक नमुने आणि डीएनए चाचणी.

● फलित : अनेक निरपराध कैद्यांची सुटका, काहींनी दोन दशकांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

● अखेर : २०१४ मध्ये पराभव, डिसेंबर २०२३ मध्ये ५६व्या वर्षी निधन.

शिक्षा मिळवण्याइतकेच चुकीची शिक्षा रद्द करवणेही सरकारी वकिलाचे कर्तव्य आहे, हे त्यांनी कृतीतून दाखवले.