कागदावरचा पल्ला आणि महामार्गावरचा पल्ला

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपल्याकडे घरखर्चाच्या संदर्भात सांगितली जाते. कर्जासाठी बँकेत येणाऱ्या ग्राहकालाही ती या ना त्या शब्दांत ऐकावी लागतेच. अमेरिकेतील विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकच्या मालकांना हीच म्हण गेल्या काही वर्षांत तेथील महामार्गांनी शिकविली आहे. हे अंथरूण बॅटरीचे आहे, आणि त्याची खरी लांबी माहितीपत्रकात छापलेली नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने जाहीर केले की, तिच्या अभियंत्यांनी शेवरले सिल्वेराडो हा विजेवरील पिकअप एकदाच चार्ज करून तब्बल १,७०५ किलोमीटर चालविला. या ट्रकचा अधिकृत पल्ला सुमारे ७९० किलोमीटर आहे. म्हणजे गाडी छापील आकड्याच्या दुपटीहून अधिक धावली. हा चमत्कार नव्हता. वेग ताशी ३२ ते ४० किलोमीटरच्या दरम्यान ठेवला होता, वातानुकूलन बंद होते, जादा चाक काढून ठेवले होते, टायरमध्ये कमाल मर्यादेपर्यंत हवा भरली होती आणि गाडीत चालकाखेरीज कोणी नव्हते. याच मालिकेतील ट्रक एका वाहनविषयक नियतकालिकाने ताशी १२१ किलोमीटर या स्थिर वेगाने महामार्गावर चालवून पाहिला, तेव्हा तो सुमारे ६४० किलोमीटरवर थांबला. सायकलच्या वेगाने चालविल्यास एक पल्ला, महामार्गाच्या वेगाने चालविल्यास दुसराच! मग यातला खरा कोणता, असा प्रश्न कोणालाही पडावा.

छापील आकडा कोठून येतो?

अमेरिकेत वाहनांचा अधिकृत पल्ला तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीनुसार ठरतो. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत रुळांवर चाके फिरवून होते. तिचा एक भाग शहरातील वाहतुकीचा व दुसरा महामार्गाचा असतो. अंतिम आकड्यात शहराला ५५ टक्के व महामार्गाला ४५ टक्के वजन दिले जाते. मूळ महामार्ग-चाचणीतील सर्वोच्च वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटरच असतो. प्रत्यक्षातील वेग व हवामानाची भरपाई म्हणून आलेला आकडा सामान्यतः ०.७ ने गुणून कमी केला जातो.

ही पद्धत लबाडीची आहे, असे मुळीच नाही. निरनिराळ्या गाड्यांची एकाच मापाने तुलना करण्यासाठी ती उपयुक्तच आहे. परंतु सरासरी ही सरासरीच असते. अमेरिकेतील अनेक राज्यांत महामार्गावर ताशी ११३ ते १२१ किलोमीटर वेगाची मुभा आहे, आणि दूरचा प्रवास संपूर्णपणे त्याच वेगाने होतो. त्या दिवशी शहराच्या ५५ टक्क्यांचा काहीही उपयोग नसतो.

‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन नियतकालिकाने ताशी १२१ किलोमीटर वेगाने घेतलेल्या चाचण्यांमध्ये फोर्ड एफ-१५० लाइटनिंग हा ट्रक ३७० किलोमीटर चालला. त्या प्रकाराचा अधिकृत पल्ला ४८३ किलोमीटर होता. रिव्हियन आर-१-टी हा ट्रक अधिकृत ५०५ किलोमीटरऐवजी ३५४ किलोमीटर चालला. अवाढव्य जीएमसी हमर ५२९ ऐवजी ४६७ किलोमीटरपर्यंत पोहोचला. काही ठिकाणी आठवा हिस्सा, तर काही ठिकाणी जवळजवळ तिसरा हिस्सा असा रस्त्यातच गळून गेला.

वाऱ्याचा हप्ता

या गळतीचे मुख्य कारण हवा हे आहे. वाहनाला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९६ ऐवजी १२१ किलोमीटर वेगाने गेल्यास वेग सव्वापट होतो, परंतु हवा कापण्यासाठी प्रत्येक किलोमीटरला लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. मोटारीचा आकार वाऱ्याला वाट करून देणारा, बुटका व निमुळता असू शकतो. पिकअपचे तसे नाही. उंच बोनट, रुंद छाती, मागे उघडा हौदा आणि जाड टायर ही त्याची कामाची साधने आहेत, आणि नेमकी तीच वाऱ्याला अडतात.

दुसरे कारण ब्रेकशी निगडित आहे. शहरात विजेची गाडी थांबताना तिची मोटर जनित्रासारखी चालते व काही वीज बॅटरीत परत जमा करते. महामार्गावर ब्रेक क्वचितच लागतो. त्यामुळे खर्च चालू राहतो आणि जमा मात्र होत नाही. पेट्रोलची गाडी महामार्गावर अधिक सरासरी देते, हा सर्वांचा अनुभव आहे. विजेच्या गाडीचे गणित याच्या नेमके उलटे आहे, आणि नवा ग्राहक फसतो तो येथेच.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत वापरण्याजोगी वीज सुमारे १३१ युनिट असते. उष्णतेच्या हिशेबाने ही ऊर्जा अवघ्या १५ लिटर पेट्रोलएवढी आहे. इतक्या तुटपुंज्या पुंजीवर अडीच-तीन टनांचा ट्रक साडेतीनशे किलोमीटर वेगाने धावतो, हे विद्युत मोटरच्या काटकसरीचे मोठेच प्रमाणपत्र म्हटले पाहिजे. पेट्रोल इंजिन ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालविते. म्हणून वारा, थंडी किंवा ओझे यांचा वाढीव खर्च त्या उधळपट्टीत फारसा डोळ्यांत भरत नाही. काटकसरी कुटुंबाला मात्र प्रत्येक अनपेक्षित खर्च तात्काळ जाणवतो. विजेच्या ट्रकचेही तसेच होते.

ओझे, ट्रेलर आणि थंडी

पिकअप हे रिकामे फिरविण्यासाठी घ्यावयाचे वाहन नव्हे. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०२३ मध्ये लाइटनिंगच्या हौद्यात ६३५ किलो वजन ठेवून चाचणी घेतली. तीत ४४७ किलोमीटरचा पल्ला ३३८ वर आला, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशाने घटला.

खरी कसोटी लागते ती ट्रेलर जोडल्यावर. ‘कार अँड ड्रायव्हर’ने २९ फूट लांबीचे व सुमारे २,७७० किलो वजनाचे प्रवासी घरकुल तीन ट्रकना जोडून ताशी ११३ किलोमीटर वेगाने ओढून पाहिले. हमर २२५ किलोमीटर, रिव्हियन १७७ किलोमीटर आणि लाइटनिंग १६१ किलोमीटर चालला. येथे वजनापेक्षाही अधिक दोष ट्रेलरच्या सपाट, उंच भिंतीचा असतो, कारण ती ट्रकच्या मागे जणू दुसरा वारा ओढत नेते. न्यायाने सांगायचे तर पेट्रोल ट्रकचाही पल्ला ट्रेलरमुळे बराच घटतो. फरक एवढाच की, त्याची टाकी मोठी असते आणि पाच मिनिटांत पुन्हा भरते.

थंडीचा परिणामही असाच दुर्लक्षिला जातो. याच असोसिएशनने २०१९ मध्ये पाच विद्युत मोटारींवर केलेल्या अभ्यासात उणे ७ अंश सेल्सियस तापमानात हीटर लावल्यावर पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी, तर हीटर न लावता सुमारे १२ टक्क्यांनी घटला. इंजिनाच्या गाडीत वाया जाणारी उष्णता आतील माणसांना फुकट मिळते. विजेच्या गाडीला ती ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते.

शिल्लक आणि काढता येणारी रक्कम

बँकेच्या ग्राहकाला हे चटकन समजेल की, खात्यातील सर्वच शिल्लक काढता येत नाही. काही किमान रक्कम ठेवावी लागते. बॅटरीचेही तसेच आहे. ती पार रिकामी होईपर्यंत गाडी चालविणारा शहाणा चालक नसतो. दहा-पंधरा टक्के वीज राखून ठेवावीच लागते. दुसऱ्या टोकाला, महामार्गावरील जलद चार्जर ८० टक्क्यांपर्यंत भराभर वीज भरतो आणि त्यानंतर त्याचा वेग मंदावतो. म्हणून घरून निघताना बॅटरी शंभर टक्के असली, तरी पुढील प्रत्येक टप्प्यात १५ ते ८० या दरम्यानचे ६५ टक्केच व्यवहारात उपयोगी पडतात.

हा हिशेब लाइटनिंगला लावून पाहावा. महामार्गावरील ३७० किलोमीटरचे ६५ टक्के म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. ट्रेलरसह असलेल्या १६१ किलोमीटरचे ६५ टक्के म्हणजे अवघे १०५ किलोमीटर. ताशी ११३ किलोमीटर वेगाने हे अंतर तासाभरातच संपते आणि मग सुमारे पाऊण तास चार्जरपाशी थांबावे लागते. त्यातही बहुतेक चार्जिंग केंद्रे मोटारींसाठी आखलेली असल्याने पुष्कळदा ट्रेलर आधी सोडवून बाजूला उभा करावा लागतो. माहितीपत्रकातील ४८३ किलोमीटर येथवर येऊन पोहोचतात!

मोठी बॅटरी हा उपाय आहे काय?

मग बॅटरीच मोठी का बसवू नये? तसे करूनही पाहण्यात आले. सिल्वेराडोच्या मोठ्या बॅटरीची क्षमता २०० युनिटांहून अधिक आहे. तितकीच मोठी बॅटरी असलेल्या हमरचे वजन चार टनांच्या पुढे गेले आहे. बॅटरी वाढली की किंमत वाढते, वजन वाढते, आणि त्या वजनालाही ओढत न्यावे लागते. टेस्ला कंपनीने २०१९ मध्ये सायबरट्रकसाठी ८०० किलोमीटरहून अधिक पल्ल्याचे आश्वासन दिले होते. २०२३ मध्ये प्रत्यक्ष विक्री सुरू झाली, तेव्हा दोन मोटरच्या प्रकाराचा पल्ला ५४७ किलोमीटर सांगण्यात आला. हौद्यात बसवावयाच्या जादा बॅटरीची योजनाही २०२५ मध्ये सोडून देण्यात आली.

अखेर उद्योगानेच आपले अंथरूण पुन्हा मोजले. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टेलँटिस कंपनीने राम या पिकअपची केवळ बॅटरीवर चालणारी आवृत्ती रद्द केली. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने केवळ बॅटरीवरील लाइटनिंगचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि आपल्या विद्युत वाहन व्यवसायाच्या फेरमांडणीपोटी सुमारे १९.५ अब्ज डॉलरचा भार हिशेबात धरला. दोन्ही कंपन्यांच्या नव्या आराखड्यात चाके विद्युत मोटरच फिरविणार आहे. मात्र दूरच्या प्रवासात बॅटरी भरण्यासाठी सोबत पेट्रोलवरील जनित्र राहणार आहे. या निर्णयामागे किंमत, मागणी आणि बदललेले सरकारी धोरण अशी अनेक कारणे होती. तथापि ओझे ओढताना आटणारा पल्ला हे त्यांतील एक ठळक कारण होते, यात शंका नाही.

याचा अर्थ विजेचा पिकअप निरुपयोगी ठरला, असा काढणे मात्र अन्यायाचे होईल. दिवसभर गावात कामे करून रात्री आपल्याच आवारात चार्जिंगला लागणाऱ्या गाडीला महामार्गाची चिंता नसते. इंधनाचा खर्च कमी, देखभाल कमी, आणि लाइटनिंगसारखा ट्रक तर वीज गेल्यावर घरालाही वीजपुरवठा करू शकतो. दोष वाहनात नव्हता. वाहन आणि काम यांच्या जुळणीत होता.

आपल्या ग्राहकासाठी बोध

भारतात असे विशाल पिकअप नाहीत. परंतु विजेवरील छोटी मालवाहू वाहने आता रस्त्यावर आहेत आणि त्यांसाठी बँकांकडे कर्जाचे अर्जही येतात. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये आली, तेव्हा तिची बॅटरी २१.३ युनिटांची व प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. आपल्याकडे द्रुतगती महामार्गावरही मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असल्याने वाऱ्याचा हप्ता तुलनेने हलका असतो. पण ओझे आणि घाट यांपासून सुटका नाही. माल धरून दोन टनांची गाडी खोपोलीहून लोणावळ्याला चढते, तेव्हा सुमारे ५५० मीटर उंची गाठण्यासाठीच किमान तीन युनिट वीज लागते. एकवीस युनिटांच्या पुंजीतला हा सातवा हिस्सा झाला. उतरताना त्यातील काही भाग परत मिळेल, पण सगळा नाही.

उदाहरणादाखल, प्रमाणित १५४ किलोमीटरमधून ओझे व रस्ता यांपोटी ३० टक्के वजा धरले तर १०८ किलोमीटर उरतात. त्यातील १५ टक्के राखीव ठेवले तर ९२. ज्याची रोजची फेरी जाऊन-येऊन ८० किलोमीटरची आहे, त्याने ही गाडी निर्धास्तपणे घ्यावी. ज्याची फेरी १२० किलोमीटरची आहे, त्याला कागद ‘हो’ म्हणेल आणि रस्ता ‘नाही’ म्हणेल. दुपारी मालाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय आहे का, यावर त्याचा धंदा अवलंबून राहील. फेऱ्या कमी झाल्या म्हणून कर्जाचा हप्ता कमी होत नाही.

तेव्हा वाहनकर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी ग्राहकाने विक्रेत्याकडे पूर्ण ओझ्यासह आपल्याच मार्गावर एक फेरी मागावी आणि किती टक्के बॅटरी खर्च झाली, ते वहीत टिपून घ्यावे. शाखेतील अधिकाऱ्यानेही परतफेडीचा अंदाज बांधताना माहितीपत्रकाऐवजी त्या वहीतला आकडा पाहावा. वर्षातील सर्वात अवघड दिवशी, भरलेल्या गाडीने जेवढे अंतर कापता येईल, तेवढाच तिचा खरा पल्ला. पाय पसरायचे ते तेवढेच!