बटाटे खाणाऱ्यांचा दिवा

चित्रकलेचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "त्यातले आपल्याला काय कळते?" आम्हीही वाणिज्य शाखेचे, पेशाने कारकून. परंतु एका चित्राविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ते कष्टकरी कुटुंबाच्या रात्रीच्या जेवणाचे चित्र आहे, आणि त्यात उजेड व अंधार यांचा हिशेब फार चोख मांडलेला आहे.

'बटाटे खाणारे' हे ते चित्र. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने १८८५ साली हॉलंडमधील न्यूनेन या खेड्यात ते काढले. व्हिन्सेंट हा पाद्र्याचा मुलगा. चित्रकार होण्यापूर्वी तो बेल्जियममधील कोळसाखाणीच्या मुलखात धर्मोपदेशक होता. तेथे स्वतःजवळचे कपडेलत्ते मजुरांना वाटून तो त्यांच्यासारखाच राहू लागला. वरिष्ठांना ते रुचले नाही व त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही.

न्यूनेनला त्याने हिवाळाभर शेतकरी-मजुरांचे चेहरे रंगवले, चाळीसच्या आसपास. मग हे मोठे चित्र हाती घेतले. ठेंगणे छप्पर, त्याला टांगलेला एकच तेलाचा दिवा, खाली मेज, मेजावर उकडलेल्या बटाट्यांचे ताट. भोवती पाच माणसे. उजवीकडची बाई कॉफी ओतते आहे. अगदी पुढे एक मुलगी आहे, ती आपल्याकडे पाठ करून. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, हिला मध्येच कशाला आणले? चेहराही दिसत नाही! पण ती काळोखी पाठ झाकून पाहा. पलीकडची वाफ आणि दिव्याचा उजेड एकदम फिका पडतो. अंधार पुढे ठेवला म्हणून मागचा दिवा पेटला.

अंधारातून चेहरे उजळण्याची कला युरोपात जुनीच होती. व्हिन्सेंटच्याच देशातला रेम्ब्रांट त्यात थोर होऊन गेला. व्हिन्सेंटने उजेड मात्र फार काटकसरीने खर्च केला. चित्रात जे पांढरे दिसते त्यात पांढरा रंग जवळजवळ नाहीच. तांबडा, निळा व पिवळा मिसळून त्याने करडा रंग केला. तो बराच गडद आहे, पण भोवती त्याहून गडद अंधार असल्यामुळे डोळ्यांना पांढरा भासतो. मुलांना हे घरी करून दाखवता येईल. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे घ्यावेत, एक काळ्या कापडावर ठेवावा, दुसरा पांढऱ्यावर. मुले शपथेवर सांगतील की दोन्ही तुकडे वेगळे आहेत.

चेहऱ्यांची हकिकत तर आम्हाला फारच मोलाची वाटते. ते त्याने आधी रीतीप्रमाणे कातडीच्या रंगात रंगवले होते. मग ते पटेना म्हणून त्यावर पुन्हा रंग चढवला, न सोललेल्या, धूळमाखल्या बटाट्याचा. आपल्या मुलांच्या खडूच्या डबीत 'अंगाचा रंग' म्हणून एक गुलाबी कांडी असे, ती ज्यांना आठवते त्यांना यातले मर्म सांगायला नको. दिव्याखाली या माणसांची हाडे, बोटांची पेरे उठून दिसतात. जे हात ताटात जात आहेत त्यांनीच ती जमीन खणली आहे, हे दाखवायचे होते, असे त्याने भाऊ थिओ याला कळवले होते.

शहाण्यांना ते आवडले नाही. व्हॅन रॅपार्ड या चित्रकार मित्राने मूळ चित्र न पाहता, नुसती छापील प्रत पाहून, हात-पाय धड काढले नाहीत असा शेरा मारला. मैत्री तुटली ती तुटलीच. थिओ पॅरिसला चित्रांच्या धंद्यात होता. तिकडे उजळ रंगांचे वारे वाहत होते, तेथे हा काळोख कोण घेणार?

चित्र कोठे लावावे हेही व्हिन्सेंटने कळवून ठेवले होते. गडद भिंतीवर ते मरते. पिकल्या गव्हाच्या रंगाची भिंत हवी, नाहीतर सोनेरी चौकट. प्रत्यक्ष झोपडीतही चुलीच्या जाळाचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पडे, आणि तो चौकटीबाहेर राहून गेला होता, हे त्याचे कारण.

मूळ चित्र अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. आपल्यापैकी बहुतेकांना छापील प्रतच मिळणार. वाचनालयात मिळाली तर हळदी रंगाच्या कागदावर ठेवून पाहावी, आणि आधी त्या मुलीच्या पाठीकडे पाहावे.