शरण गेला की शरण आणला? समलिंगी ऐतिहासिक कथांमधली सत्ता वाचताना

'पेट'ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की शृंगारिक कादंबऱ्यांवर पीएचडी होते का. होते. अडचण विषयाची नसते, शब्दांची असते. वर्चस्व, शरणागती आणि हिंसा हे तीन शब्द आराखड्यात एका ओळीत लिहिले, की ती एकाच गोष्टीची तीन नावं वाटायला लागतात. मग समलिंगी नात्यांवरच्या लेखनात हिंसा दिसली की निष्कर्ष तयारच असतो: ही नातीच तशी!

आपल्या धाराशिवकडचंच बघा. तुळजापूरला अनवाणी चालत जाणारा माणूस देवीला शरण जातो. वेढ्यात अडकलेला किल्लेदार शरणागती पत्करतो. आणि सावकारापुढे उभा असलेला शेतकरी? त्याला शरण आणलेलं असतं. फोटो काढला तर तिघांचीही मान खालीच दिसेल. फरक फोटोबाहेर आहे. पहिला दर्शन घेऊन घरी जाणार, तिसऱ्याचं घरच गहाण पडलंय. प्रसंग वाचताना हाच प्रश्न विचारायचा, की या माणसाला 'नाही' म्हणता आलं असतं का, आणि म्हटलं असतं तर पुढं काय झालं असतं?

आता एक गाजलेली इंग्रजी कादंबरी घेऊ. मेरी रेनॉ यांची 'द पर्शियन बॉय' 1972 साली आली. सगळी कथा बागोआस हा इराणी तरुण स्वतः सांगतो. लहानपणी त्याचं घर उद्ध्वस्त होतं, त्याला खच्ची करून गुलाम म्हणून विकलं जातं, मालक त्याला गिऱ्हाइकांकडे पाठवतो. पुढे तो दारयवहू राजाच्या महालात पोचतो आणि राजाच्या खुनानंतर भेटवस्तू म्हणून सिकंदरकडे येतो. इथवर सत्ता कुणाची, हे सरळ आहे. गुंता पुढे आहे. सिकंदर जबरदस्ती करत नाही. बागोआसच त्याच्या प्रेमात पडतो, पुढाकारही तोच घेतो. उघड वर्णनं फारशी नाहीत, रेनॉ सूचकपणे लिहितात.

मग याला प्रेम म्हणायचं का? मला वाटतं, म्हणायचं. पण पूर्णविराम न देता. बागोआसची ओढ खरी आहे, आणि ज्याच्यावर ती जडली त्याच्या हातात त्याचा जीव आहे, हेही खरं आहे. यातली एक बाजू खोडून दुसरी ठेवली की प्रकरण सोपं होतं, पण कादंबरी हातची जाते. शिवाय ही कबुली बागोआसच्या तोंडून येते. बागोआस इतिहासात होऊन गेला, पण त्याच्या मनातलं आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. ते मन विसाव्या शतकातल्या एका लेखिकेनं रचलंय.

मराठीत असं शृंगारिक ऐतिहासिक लेखन शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. जवळचं म्हणजे विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. हे नाटक 1981 मध्ये रंगमंचावर आलं, मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, जागा पुण्यातलं कॉलेज. सुमित्रा, म्हणजे मित्रा, नमाच्या प्रेमात पडते. मित्राला नमावर हक्क हवा असतो, नमा तिला झुलवत ठेवते, आणि नमाचा प्रियकर दळवी पुरुषी धाक दाखवतो. पण मला सगळ्यात भयंकर वाटतं ते मित्राचं पत्र. तिनं लिहिलेलं पत्रच तिच्यावर उलटवलं जातं. इथे मारहाणीची गरजच नाही, 'सगळ्यांना सांगू' एवढं पुरतं. ही हिंसा त्या दोघींच्या नात्यातून उगवलेली नाही, गुपित ठेवायला लावणाऱ्या समाजानं ती दळवीच्या हातात दिलीय. मित्राचा शेवट आत्महत्येत होतो, तेव्हा दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवताना हा फरक उपयोगी पडतो.

आणि गोष्ट सांगतो कोण? बापू, मित्राचा मित्र. बागोआस स्वतः बोलतो, मित्राबद्दल मात्र दुसरा बोलतो. म्हणून नुसते हिंसक प्रसंग मोजून तक्ता केला तर हाती काही येत नाही. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: सांगणारा कोण, ऐकणारा कोण, दाराची कडी कुणाच्या हातात. (गाईड तक्ता मागतीलच. तेव्हा हे तीन रकाने घाला.)

उद्या कुणी 1940 च्या दशकातल्या, निजामी राजवटीतल्या धाराशिववर अशी कादंबरी लिहिली, तर पुण्याचं कॉलेज उपयोगाचं नाही. तिथं गढी येईल, गढीतला देशमुख येईल, त्याच्याकडे वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालगडी येईल. समजा त्या दोघांत ओढ निर्माण झाली आणि रात्री सालगडीच वाड्याचं दार वाजवतो. सकाळी त्याला त्याच देशमुखाकडून धान्य मोजून घ्यायचं आहे.