टिपेश्वरचा वाघ, गुहागरचे कासव आणि आपली पेरणी

पेडगावपासून समुद्र काही जवळ नाही. आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्या मंडळींनी तो डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. पण मृग लागला की ज्या ढगांकडे आपण डोळे लावून बसतो, त्यांतले पाणी त्याच समुद्रावरून येते. आणि रात्री पिकात शिरणारा रोही असो की रानडुक्कर, त्याची वाट काही सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. समुद्र आणि वन्यप्राणी या दोन्हींवर आज उपग्रहाच्या मदतीने नजर ठेवली जाते. हे काम शास्त्रज्ञांचे, आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. म्हणून हे काम चालते कसे, त्यातून काय कळले आणि गावाने त्याचा उपयोग कसा करून घ्यावा, हे या लेखात पाहू.

उपग्रहाला ठिकाण कळते कसे?

स्टेशनवर न थांबता जाणारी गाडी आठवा. गाडी जवळ येत असते तेव्हा तिची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की सूर एकदम उतरतो. शिट्टी तीच असते, फरक पडतो तो गाडीच्या वेगामुळे. उपग्रहाच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने घडते. शिट्टी वाजवणारे छोटे यंत्र प्राण्याच्या अंगावर असते आणि ती ऐकणारा उपग्रह सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून वेगाने निघून जातो. सूर केव्हा आणि किती उतरला, याचा हिशेब मांडून प्राणी कुठे आहे ते काढले जाते. ‘आर्गोस’ नावाची ही व्यवस्था फ्रान्स आणि अमेरिका यांनी मिळून १९७८ पासून चालू केली. तीच व्यवस्था प्राण्यांचेही निरोप घेते आणि समुद्रात सोडलेल्या यंत्रांचेही.

दुसरी पद्धत जीपीएसची. ती आपल्या मोबाईलमध्येही असते. इथे गळ्यातले यंत्र स्वतः उपग्रहांचे संकेत ऐकून आपली जागा ठरवते आणि मग ती कळवते. वाघाच्या गळ्यात घालतात तो पट्टा बहुधा या प्रकारचा असतो.

वाघ शेतातून गेला, गावाला पत्ता नाही

आता आपल्या जवळचे उदाहरण घ्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये असा पट्टा घातला गेला. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने वन विभागाच्या सोबतीने हे काम केले. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडावर वाघाने टिपेश्वर सोडले. यवतमाळ, नांदेड, हिंगोली असे जिल्हे आणि तेलंगणातला आदिलाबादकडचा भाग पायाखाली घालून डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढला, तोवर त्याची सुमारे ३ हजार किलोमीटरची चाल नोंदली गेली होती. पाच हजारांहून जास्त ठिकाणांच्या नोंदी झाल्या. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ पाडले.

हिंगोली म्हणजे आपला शेजारी जिल्हा. तिथे काही घनदाट अरण्य नाही. वाघ गेला तो नदी-नाल्यांच्या कडेने, कापूस-तुरीच्या उभ्या पिकातून आणि डांबरी रस्ते ओलांडून. चालला तो बहुतेक रात्री. वाटेत त्याने रानडुकरे मारली, काही गुरेही मारली. तो विसावला होता तिथे माणूस जवळ गेल्यावर इजा झाल्याचा प्रसंगही घडला. पण एवढ्या महिन्यांच्या चालीत तो माणसाच्या मागे लागला नाही. तो नवा मुलूख आणि जोडीदारीण शोधत होता.

पट्टा नसता तर यातले काहीच कळले नसते. दोन जंगलांच्या मधली शेते, ओढे आणि पडीक जमीन हीच प्राण्यांची वाट आहे, हे कागदावर आले ते या नोंदींमुळे. ओढ्याकाठची झाडी तोडताना आणि कुंपणात चोरून वीज सोडताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी. तारेतली वीज रोही आणि माणूस यांत फरक करीत नाही. रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी किंवा घरचाच माणूस त्यात जातो.

कासव आणि कड्यावरचा आकडा

वाघ जमिनीवरचा झाला, आता समुद्राकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात. २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि मँग्रोव्ह फाउंडेशन यांनी पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे चिकटवली. प्रथमा, सावनी, वनश्री, लक्ष्मी आणि रेवा अशी त्यांना नावे दिली. पाण्याखालून यंत्राचा संकेत बाहेर पडत नाही. कासव श्वास घ्यायला वर आले की तेवढ्यात यंत्र निरोप पाठवते. पुढे एकेक करून पाचही कासवांचे निरोप थांबले. निरोप थांबला म्हणजे कासव मेलेच असे नव्हे. यंत्र गळून पडते, बॅटरीही संपते. २०२३ मध्ये गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री तर दक्षिणेकडे जाऊन श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली.

आता गंमत बघा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासवाला धातूचे साधे कडे लावले होते. त्यावरचा आकडा ०३२३३. तेच कासव जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडले. पूर्व किनाऱ्याचे कासव पश्चिम किनाऱ्यावर कसे आले, यावर शास्त्रज्ञांना नव्याने विचार करावा लागला. इथे ना बॅटरी होती, ना उपग्रह. कुणीतरी वाकून तो आकडा नीट वाचला, लिहून घेतला आणि कळवला, एवढेच झाले. महागडे यंत्र थोड्याच प्राण्यांना लावता येते. बाकीचे काम उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या माणसालाच करावे लागते.

समुद्राची नाडी

समुद्राच्या बाबतीतही तसेच. जगभरच्या समुद्रांत ‘आर्गो’ नावाची सुमारे चार हजार तरंगती यंत्रे सोडलेली आहेत. हे आर्गो वेगळे आणि वरचे आर्गोस वेगळे, नावात गल्लत करू नये. हे यंत्र एक हजार मीटर खोलीवर वाहत राहते, मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते आणि वर येता येता पाण्याचे तापमान व खारेपणा मोजते. दर दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला आकडे देते आणि पुन्हा खाली जाते. भारतातर्फे हे काम १९९९ मध्ये स्थापन झालेली हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते. अंटार्क्टिकाकडच्या थंड समुद्रात, जिथे यंत्र पोहोचणे अवघड, तिथे एलिफंट सील या प्राण्याच्या डोक्यावर यंत्र बसवतात. तो पोट भरायला खोल बुड्या मारतो आणि जाता-येता समुद्राचे तापमान मोजून आणतो.

वरून पाहणारे उपग्रह वेगळे. आपल्या देशाचा ओशनसॅट हा पहिला उपग्रह १९९९ मध्ये सुटला, तिसऱ्या पिढीतला नोव्हेंबर २०२२ मध्ये. पिकाचा रंग बघून आपण बांधावरूनच पीक कसे आहे ते ओळखतो. तसा हा उपग्रह पाण्याचा रंग बघून सूक्ष्म वनस्पती कुठे दाटल्या आहेत ते ओळखतो. जिथे त्या, तिथे मासा. कोकणातल्या मच्छीमाराला मासे मिळण्याच्या जागेचा सल्ला मिळतो तो यातूनच.

मग आपल्याला काय? समुद्राचे पाणी कुठे तापले आणि कुठे थंड राहिले, यावर मोसमी पावसाचा अंदाज बराचसा बांधला जातो. प्रशांत महासागराचे पाणी तापले की त्याला एल निनो म्हणतात आणि अशा वर्षी आपल्याकडचा पाऊस ओढ देण्याचा धोका वाढतो. २०२३ साली तेच झाले. त्यातच जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठले आणि पाऊस राज्यात पसरायला उशीर झाला. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उलट २०१९ मध्ये हिंदी महासागराची पश्चिम बाजू जास्त तापलेली होती. त्या वर्षी देशात पाऊस सरासरीच्या वर गेला आणि ऑक्टोबरच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन मराठवाड्यात भिजवले.

हा अंदाज मोठ्या भागाचा असतो, आपल्या गटाचा नव्हे. उपग्रह समुद्र पाहतो. आपल्या काळ्या रानात ओल किती खोल गेली, ते आपल्यालाच खुरप्याने उकरून पाहावे लागते. पहिल्या सरीवर भुलून चाड्यावर मूठ धरली आणि पावसाने ओढ दिली की बियाणे-खत वाया जाते. मग दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराचे दार.

गावाने काय करावे?

एक. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आणि मेघदूत ॲपवरची माहिती पेरणीआधी पाहावी. ग्रामपंचायतीने तो सल्ला फळ्यावर लिहावा, कारण मोबाईल सगळ्यांच्याच हातात नसतो.

दोन. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी ठरल्या वेळी नोंद घ्यावी. गावाचा स्वतःचा आकडा असला की बोलण्याला वजन येते.

तीन. पायात कडे किंवा अंगावर यंत्र असलेला पक्षी वा प्राणी दिसला, जखमी वा मेलेला सापडला, तर कडे काढून घरी नेऊ नये. आकडा लिहून घ्यावा, फोटो काढावा आणि वन विभागाला कळवावे. १९२६ हा वन विभागाचा निःशुल्क क्रमांक आहे.

चार. वन्यप्राण्याने जनावर मारले किंवा पीक नासले, तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे. पंचनामा होईपर्यंत जनावर हलवू नये. पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामसेवक यांनी अर्जावर तारीख घालून पोच द्यावी. नुकसानभरपाईचे प्रकरण बहुतेक वेळा इथेच अडते.

पाच. कठडा नसलेल्या विहिरींची यादी करून त्या बांधून घ्याव्यात.

हे गावाच्या हातचे आहे का, असे वाटत असेल तर नागालँडचे पांगती गाव आठवा. तिथे २०१२ पर्यंत अमूर ससाणे जाळ्यात पकडून हजारोंनी मारले जात. २०१३ मध्ये तिथल्या गावांनी बसून शिकार बंद केली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रह यंत्रे लावली गेली आणि एकाचे नाव पांगती ठेवले. वाळवी आणि किडे खाणारा हा मूठभर पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातो, हे त्या यंत्रांनी जगाला दाखवले. पण पक्षी जिवंत राहिला तो गावाच्या ठरावाने. असा ठराव करायला आपल्या ग्रामसभेला कुणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या ग्रामसभेत वरच्या पाच गोष्टींपैकी दोन जरी विषयपत्रिकेवर आल्या, तरी सुरुवात झाली म्हणायची.