रुई आणि शिंदळ माकुडी

नदीकाठी, बांधावर, पडीक जागेत रुई आपोआप उगवते. शनिवारी मारुतीला तिच्याच पानांची माळ घालतात. तिच्या दूरच्या नात्यातली शिंदळ माकुडी मात्र मोजक्याच कड्यांवर टिकून आहे: शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड आणि सह्याद्रीतल्या अशाच थोड्या जागा. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' असं नाव दिलं.

दोघींचे पराग सुटे नसतात, मेणचट पुंजक्यांत असतात. कीटक ते वाहून नेतात. दोघींच्या बियांना रेशमी झुपके असतात, म्हणजे वाऱ्यावर पसरण्याची सोय सारखीच. मग एक सर्वत्र आणि दुसरी दुर्मीळ का? रुईचा चीक विषारी, म्हणून शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. माकुडीच्या मांसल फांद्या जनावरं खातात, हौशी संग्राहक उपटून नेतात, दरड कोसळली की अख्खी वस्तीच जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला एकेकाळी जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत गणलं होतं. फांदीपासून ती कुंडीत सहज वाढते, ही दिलाशाची बाब. पण कुंडीतली रोपं म्हणजे कड्यावरची वस्ती नव्हे.

गडावर तांबड्या-जांभळ्या, पिवळ्या ठिपक्यांचं चांदणीसारखं फूल दिसलं, तर फोटो काढा, फांदी तोडू नका.