माशांचे घर बदलताना

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत माशांची काचपेटी असेल. दोन गप्पी आणून ठेवावेत आणि पाहता पाहता त्यांचे वीस व्हावेत, किंवा बोटाएवढा गोल्डफिश वाढून पेटीत नीट वळताही येऊ नये, असे बहुतेक ठिकाणी घडते. मग मोठी पेटी आणायचे ठरते. नवी पेटी स्वच्छ धुतली जाते, खडी पाच पाण्यांतून काढली जाते, नळाचे ताजे पाणी भरले जाते आणि जाळीने मासे उचलून त्यात सोडले जातात. दोन दिवस ते ऐटीत फिरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि आठवड्याच्या शेवटी एकेक करून मरतात. आधीच्या लहान, गढुळलेल्या पेटीत जे वर्षभर जगले, ते मोठ्या आणि स्वच्छ पेटीत का मरावेत?

उत्तर त्या ‘स्वच्छ’ या शब्दातच आहे. आपण धुऊन टाकली ती केवळ घाण नव्हती.

मासे आपल्या शरीरातला नत्रयुक्त टाकाऊ भाग मुख्यतः अमोनियाच्या रूपाने, तोही बव्हंशी कल्ल्यांमधून बाहेर टाकतात. नदीत तो वाहून जातो. पेटीत तो जाणार कुठे? तो साठत गेला तर मासा स्वतःच्याच उत्सर्गाने विषबाधा होऊन मरेल. जुन्या पेटीत तसे होत नाही, कारण खडीवर, काचेवर आणि विशेषतः गाळणीच्या स्पंजावर सूक्ष्मजीवांचा एक बुळबुळीत थर वाढलेला असतो. त्यातले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच आहे. ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरून हिमोग्लोबिनचे अशा रूपात परिवर्तन करते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळच सौम्य असते. अधूनमधून थोडे पाणी बदलले की तेही आटोक्यात राहते.

हे काम करणारे सूक्ष्मजीव सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. पुढे शंभराहून अधिक वर्षे असे शिकवले गेले की या दोन पायऱ्या दोन वेगळ्या जातींचे जिवाणू पार पाडतात. २०१५ साली मात्र नायट्रोस्पायरा या गटातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकट्यानेच करतात असे आढळले. त्यांपैकी काही मत्स्यपालनाच्या पाण्याची गाळणी तपासतानाच सापडले! म्हणजे तुमच्या पेटीतला तो कळकट स्पंज काही सामान्य वस्तू नव्हे.

या जिवाणूंची एक अडचण आहे. ते फार सावकाश वाढतात. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंना एका रात्रीत भरपूर वाढता येते. आपल्या या जिवाणूंना अनुकूल परिस्थितीतही एकदा दुप्पट व्हायला साधारण अर्धा ते एक दिवस लागतो, कधी त्याहूनही जास्त. कोऱ्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. मासे चौथ्या-पाचव्या दिवसापासून का कासावीस होतात, हे आता लक्षात आले असेल.

तेव्हा जुनी गाळणी जशीच्या तशी नव्या पेटीत लावावी हे पहिले काम. ती नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरिन घातलेला असतो आणि त्याला चांगला जिवाणू, वाईट जिवाणू हा भेद कळत नाही. फारच चिकटा असेल तर पेटीतलेच पाणी बादलीत घेऊन त्यात एकदा-दोनदा पिळावी. जुन्या खडीचे काही ओंजळभर खडेही नव्या खडीवर पसरावेत. स्थलांतर चालू असताना स्पंज उन्हात वाळत ठेवू नये; तो जुन्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि जमल्यास त्या बादलीत हवेचा पंप सोडावा. कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो.

येथे अनेकांचा एक समज असतो, की जुने पाणी नेले म्हणजे जिवाणूही आले. तसे नाही. ते बहुतांशी पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात मोकळे असे थोडेच असतात. तरीही जुने पाणी न्यावे, पण त्याचे कारण निराळे आहे.

तुमच्या जुन्या पेटीतल्या पाण्यात सामू (पीएच) मोजण्याचा कागद बुडवून पाहा, आणि मग नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात. पुष्कळदा फरक दिसेल. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, त्यामुळे जुने पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन आणि काहीसे अल्कधर्मी असते. आता अमोनियाची एक गंमत पाहा. पाण्यात तो दोन रूपांत असतो: एक विद्युतभार नसलेला अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि अतिशय विषारी असतो, दुसरा अमोनियम आयन, जो त्या मानाने निरुपद्रवी असतो. कोणाचे प्रमाण किती, हे सामूवर ठरते. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू ६.५ असेल तर हजारात सुमारे २ भाग विषारी रूपात असतात. ७ ला सुमारे ६ भाग. आणि ८ ला सुमारे ५४! अमोनिया तेवढाच, पण साडेसहाच्या पाण्यातून आठच्या पाण्यात गेल्यावर त्याचा विषारी भाग जवळजवळ तीसपट होतो. म्हणून सर्वच पाणी एकदम बदलणे धोक्याचे. नव्या पेटीत जितके मावेल तितके जुने पाणी आधी घाला आणि उरलेली भरती दोन-तीन दिवसांत थोडी थोडी करा. तळाचा गाळ मात्र आणू नका.

पाण्यातल्या क्षारांचाही विचार करायला हवा. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असते. त्यामुळे तर्षणाने पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत राहते, आणि मूत्रपिंडे ते सतत बाहेर टाकत राहतात. गमावलेले क्षार कल्ले पुन्हा शोषून घेतात. सुफेन पाण्यातला मासा एकदम दुष्फेन पाण्यात टाकला, किंवा उलट केले, तर ही बसलेली घडी विस्कटते. मासा लगेच मरत नाही, पण थकतो, आणि थकलेल्या माशाला रोग गाठतो.

क्लोरिनचा उपाय सोपा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवा. आपल्याला तो जाणवतही नाही, माशाच्या नाजूक कल्ल्यांना तो भाजून काढतो. पसरट बादलीत पाणी उघडे ठेवले तर साधारण एका दिवसात क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’, वापरावा. १ मिलिग्रॅम क्लोरिनला सुमारे ७ मिलिग्रॅम स्फटिक पुरतात.

पेटीविषयी थोडे. फूटभर लांब, आठ इंच रुंद, आठ इंच उंच पेटीत सुमारे साडेबारा लिटर पाणी मावते. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पेटीत सुमारे साडेछप्पन, म्हणजे साडेचारपट. मासे तेवढेच राहिले तर अमोनियाची तीव्रता साडेचारपट सावकाश वाढेल. मोठी पेटी सांभाळायला सोपी ती यामुळे. अर्थात जागा झाली म्हणून त्याच दिवशी आणखी डझनभर मासे आणले, तर हा सारा फायदा वाया गेला! जिवाणू जुन्याच माशांपुरते आहेत, हे विसरू नका. दुसरे म्हणजे वजन. साडेछप्पन लिटर म्हणजे साडेछप्पन किलो, शिवाय काच आणि खडी. पेटी भरल्यावर सरकवायची नाही. खाली सपाट, भक्कम टेबल आणि त्यावर थर्मोकोलचा तुकडा हवा, म्हणजे बारीकसारीक उंचवट्यांनी काच तडकत नाही. सांधे नुकतेच भरले असतील तर व्हिनेगरसारखा वास येतो. तो सिलिकोन सुकताना निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा. वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग एक दिवस पाणी भरून गळती पाहा.

खडीची परीक्षा प्रयोगशाळेतच होईल. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी किंवा शिंपले आहेत, आणि ती पाणी दुष्फेन करत राहील. आपला काळा पाषाण सहसा बुडबुडे देत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत कधी कॅल्साइट दडलेले असते, तेव्हा एकच खडा तपासून थांबू नका.

आता प्रत्यक्ष मासे. आदल्या दिवशी त्यांना खायला घालू नका, म्हणजे उत्सर्ग कमी होईल. दोन्ही पाण्यांत तापमापी धरा. फरक दोन अंशांपेक्षा जास्त नसावा. जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, आणि हाच थर त्याचे जंतूंपासून रक्षण करतो. म्हणून लहान माशांना जाळीने नुसते हाकून पाण्यासकट भांड्यात घेणे उत्तम. हे भांडे नव्या पेटीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग नव्या पेटीतून बारीक नळीने, गाठ मारून, थेंब थेंब पाणी त्यात सोडा. एका मिलिलिटरमध्ये सुमारे २० थेंब धरले, तर सेकंदाला ३ थेंबांनी तासाला किती पाणी येईल? ५४० मिलिलिटर. म्हणजे अर्धा लिटर पाण्यातला मासा तासाभरात निम्म्या नव्या पाण्यात आलेला असेल.

हीच सावकाश पद्धत दुकानातून लांबून पिशवीत आणलेल्या माशांना मात्र लावू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी झालेले असते, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जाऊ लागतो, सामू चढतो आणि अमोनिया विषारी रूपात येतो. अशा माशांचे फक्त तापमान जुळवून त्यांना पिशवीतल्या पाण्याशिवाय लवकर पेटीत सोडणे बरे.

सोडल्यावर दिवा बंद ठेवा आणि वर झाकण घाला. घाबरलेला मासा उडी मारतो. पहिले दोन आठवडे खाणे निम्मे. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच दुकानात मिळतात. वर्गाने मिळून एक घ्यावा, रोज एकाच वेळी मोजून आलेख काढावा. अमोनिया दिसला तर पाव भाग पाणी बदलावे. नायट्राइट चढलेच तर चिमूटभर साधे मीठ कामी येते, कारण मिठातले क्लोराइड कल्ल्यांत शिरताना नायट्राइटची वाट अडवते.

जुनी पेटी टाकून देऊ नका. नवा मासा आणला की त्याला दोन-तीन आठवडे तीत वेगळे ठेवता येते. त्यासाठी एक जादा स्पंज मोठ्या पेटीत आतापासूनच ठेवून द्या. आणि नको झालेले मासे ओढ्यात किंवा विहिरीत सोडण्याचा मोह टाळा. असेच शौकिनांकडून सुटलेले दक्षिण अमेरिकेतले सकर मासे आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरले आहेत, आणि त्यांच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटत आहेत.