सिस्टचं ऑपरेशन झालं, आता टाक्यांकडे लक्ष

अंडाशयातली सिस्ट हल्ली बहुतेकदा दुर्बिणीतून काढतात. पोटावर अर्धा ते एक सेंटीमीटरची तीन-चार छिद्रं, बस्स. पण घरी आल्यावर खांदा का दुखतो, या प्रश्नाने अनेकजणी घाबरतात. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल डिवचलं जातं आणि कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते. घरातल्या घरात चालत राहिलं की बरं वाटतं.

खरी नजर ठेवायची ती बेंबीच्या टाक्यावर. तिथे खोलगटपणा, घाम, ओल. आंघोळीनंतर स्वच्छ, मऊ कापडाने टिपून कोरडं करा, चोळू नका. पहिल्या दिवसांत कडेला थोडी लाली, खाज, किंचित पाणी चालतं. पण कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, लाली पसरली, जागा गरम लागली, पू किंवा घाण वास आला, ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात किंवा खूप रक्तस्राव होऊ लागला, तर थेट इमर्जन्सी.

हळद, तूप, शेजारच्या काकूंचं मलम जखमेत भरू नका. (काकूंना राग येऊ देत.) कपाटातली उरलेली अँटिबायोटिकही नको, पू असेल तर कधी कधी तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, नाहीतर जखम रेंगाळते.

आणि काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या. टाके सुकले की तो पुष्कळ घरांत विसरला जातो.